क्विन-ब्ले की हॉक-सिएना? एकाच जोडीपुरता वेळ असेल तर

पॅरानॉर्मल रोमान्सच्या, म्हणजे व्हॅम्पायर किंवा लांडगे होणारी माणसं असल्यांच्या प्रेमकथांच्या, लांबलचक सिरीज वाचणाऱ्यांना हे नवीन नाही. दर पुस्तकात एक नवी जोडी जमते, पण आपला जीव अडकलेला असतो तो भलत्याच दोघांत, जे मागच्या बाकावर बसून तीन-चार पुस्तकं नुसते एकमेकांकडे बघत असतात, आणि त्यांचा नंबर येईपर्यंत आपण बाकीच्यांची लग्नं लावत बसतो. जे. आर. वॉर्डच्या ब्लॅक डॅगर ब्रदरहुडमध्ये ही जोडी म्हणजे क्विन आणि ब्ले. नलिनी सिंगच्या साय-चेंजलिंगमध्ये वाट बघायला लावणाऱ्या जोड्या एकदोन आहेत, पण माझ्यासाठी तरी ती हॉक आणि सिएना. पहिल्या दोघांचं पुस्तक 'लव्हर ॲट लास्ट', सिरीजमधलं अकरावं, 2013 चं. दुसऱ्यांचं 'किस ऑफ स्नो', दहावं, 2011 चं.

दोन्ही सिरीज पहिल्या पानापासून वाचायला वेळ असेल तर प्रश्नच मिटला. पण बहुतेकांना एकीलाच हात घालायचा असतो आणि कुठली धरू ते कळत नसतं, त्यांच्यासाठी हे लिहितोय. व्हॅम्पायर कसे, लांडगे कसे, कोणाकडे काय पॉवर हे सगळं सोडून देतो, ते तुम्हाला माहीत असेलच. मोठे स्पॉयलर टाळलेत, पण दोन्ही जोड्या शेवटी एकत्र येतात हे काही स्पॉयलर नव्हे, तेवढ्यासाठीच तर आपण हा प्रकार वाचतो.

आधी वाट बघण्याबद्दल, कारण दोन्हीकडची वाट वेगळ्या चवीची आहे. क्विन आणि ब्ले लहानपणापासूनचे दोस्त. क्विनचा एक डोळा निळा, एक हिरवा, आणि त्यांच्या व्हॅम्पायरांमधल्या बड्या घराण्यांत एवढी गोष्टसुद्धा खोट मानली जाते. घरच्यांनी त्याला आयुष्यभर नकोसा करून ठेवलेलं. त्यामुळे त्याच्या डोक्यात पक्कं बसलंय की एखाद्या बाईबरोबर रीतसर संसार केला तरच आपण चारचौघांसारखे ठरू. आणि ब्ले, शांत, लाल केसांचा, चांगल्या प्रेमळ घरातला, तो या माणसावर प्रेम करतोय आणि हे सगळं डोळ्यांसमोर बघतोय. मग ब्ले दुसऱ्याच्या जवळ जातो, आणि तो दुसरा म्हणजे नेमका क्विनचाच चुलतभाऊ सॅक्सटन, माणूस म्हणून इतका सभ्य की त्याच्यावर रागावताही येत नाही. इथली वाट दुखते. पुस्तकामागून पुस्तक क्विन चुकीचं वागतो, आपल्याला कळत असतं का वागतोय, ब्लेला मात्र कळत नसतं.

हॉक-सिएनाची वाट तापत जाणारी आहे. हॉक पंधराव्या वर्षी लांडग्याचं रूप घेणाऱ्या माणसांच्या कळपाचा अल्फा, म्हणजे प्रमुख, झालेला, पहिल्या पुस्तकापासून आहे, आणि तेव्हापासूनच सगळ्यांना त्याची गोष्ट हवी होती. अडचण अशी की त्याची होणारी जोडीदार लहानपणीच वारली आणि लांडग्याला जोडीदार एकदाच मिळतो, म्हणजे त्याच्यापुरता विषय संपला. सिएना आपल्या मामांबरोबर आणि लहान भावंडांबरोबर साय लोकांच्या, म्हणजे मनाची ताकद असलेल्या पण भावना दाबून जगणाऱ्या लोकांच्या, तावडीतून पळून आलेली, विशीच्या उंबरठ्यावरची, आणि तिच्या आत अशी थंड आग आहे की ती आवरली नाही तर आजूबाजूचे सगळे जळून जातील. ती समोर आली की हॉकचा पारा चढतो, आणि ती मुद्दाम चढवते. कळपातल्या प्रत्येकाला दिसत असतं काय चाललंय, पण बोलायची कोणाची टाप नाही. बाकी जोड्यांच्या पुस्तकांत अर्धं पान, एक डायलॉग, दाराशी एक नजर, एवढंच मिळत राहतं.

नुसतं वाट बघायला कोणी चांगलं लावलं असं विचाराल तर मी क्विन-ब्लेचं नाव घेईन. वॉर्डने यातला माणूस आतून पकडलाय. क्विनची स्वतःबद्दलची घृणा कुठे सांगितली जात नाही, ती त्याच्या वागण्यातून झिरपत राहते आणि एका क्षणी आपल्याला कळतं की याला ब्लेची लाज कधीच नव्हती, याला स्वतःचीच आहे. 2013 साली एवढ्या मोठ्या खपाच्या सिरीजमध्ये दोन पुरुषांची प्रेमकथा पूर्ण लांबीच्या मुख्य पुस्तकात, बाकी सगळ्या जोड्यांच्या बरोबरीने येणं याचंही महत्त्व आहेच, आणि ते पुस्तक ही जबाबदारी मनापासून घेतं.

आणि तरीही मी परत परत उघडतो ते 'किस ऑफ स्नो'. त्याचं कारण एकच आहे, तेवढं नीट सांगतो.

'लव्हर ॲट लास्ट'मध्ये तुम्ही इतक्या पुस्तकांची वाट बघून येता, आणि पुस्तक त्या दोघांना एका खोलीत आणतं, दार बंद होतं, क्विन आता बोलणार, खरंच बोलणार असं वाटायला लागतं, चॅप्टर संपतो, पान उलटता आणि बर्फात सोला नावाची नवीनच बाई ॲसेल नावाच्या ड्रग डीलरच्या घरावर नजर ठेवून उभी. बरं, ॲसेल-सोला वाईट आहेत असं अजिबात नाही, एरवी मला ते वाचायला आवडलेही असते. पण मला आत्ता त्या खोलीत थांबायचंय ना! मग त्यांचा एक भाग होतो, मग ट्रेझ नावाचं आणखी एक पात्र आणि त्याच्या भावाची काहीतरी जुनी भानगड, मग शत्रूच्या टोळीतल्या झेकॉरचा भाग, आणि जेव्हा परत क्विन-ब्लेकडे येतो तेव्हा ती खोली, तो क्षण, ते ओठावर आलेलं बोलणं, सगळं थंड झालेलं असतं आणि दोघं पुन्हा गैरसमजाच्या पहिल्या पायरीवर. हे एकदा झालं तर चालतं, लेखिकेने ताणून धरलंय म्हणून आपण कौतुकच करतो. पण इथे पुस्तकाची बांधणीच अशी आहे. शेवटी शेवटी तर मी चॅप्टर सुरू करायच्या आधी पहिल्या ओळीत कोणाचं नाव आहे ते बघायला लागलो होतो.

बरं, या बाकीच्या गोष्टी या पुस्तकात कुठे पोचतात का, तर नाही. ट्रेझचं पुस्तक आलं 2015 मध्ये. झेकॉर आणि लेलाचं (लेला म्हणजे या पुस्तकात क्विनच्या बाळाची आई होणार असलेली बाई) 2017 मध्ये. आणि ज्या ॲसेल-सोलाने माझ्या खोलीचं दार लावलं त्यांचं स्वतःचं पुस्तक, 'द थीफ', आलं 2018 मध्ये! म्हणजे ज्यांनी एका जोडीसाठी एवढी वर्षं काढली त्यांच्या हातात पुस्तक दिलं आणि त्यातली बरीच पानं पुढच्या वाट बघण्याची पेरणी करायला वापरली. मला हे खटकलं, अजूनही खटकतं. कोणाला हा पसाराच आवडत असेल तर त्यांचं बरोबर आहे, मोठ्या वाड्यासारखी सिरीज आहे ती, प्रत्येक खोलीत कोणीतरी असतंच. पण लग्नाच्या दिवशी तरी नवरा-नवरीला स्टेज मोकळं मिळावं असं मला वाटतं.

आता गंमत अशी की 'किस ऑफ स्नो'मध्येही दुसरी प्रेमकथा आहे. कळपाची हीलर लारा आणि सिएनाचा मामा वॉकर. वॉकर मितभाषी, भावना दाबून टाकायचं शिक्षण हाडात मुरलेला, दोघं आधी एकदा जवळ आले तेव्हा त्याने लाराला ही चूक होती असं सांगून टाकलेलं, आणि ती आता स्वाभिमानाने अंतर ठेवून आहे. कागदावर बघितलं तर हाही तोच प्रकार, मुख्य जोडी सोडून भलतीकडे कॅमेरा. मग इथे का नाही खटकलं? मी यावर बराच विचार केलाय. एक म्हणजे ही गोष्ट याच पुस्तकात संपते, पुढचं तिकीट काढायला लावत नाही. दुसरं जास्त महत्त्वाचं, वॉकर हा सिएनाच्या घरचाच माणूस. तो लाराजवळ हळूहळू उघडतो ते वाचताना आपल्याला सिएना कुठल्या घरात वाढली ते कळत जातं, की या लोकांना साधा जिव्हाळासुद्धा नव्याने शिकावा लागतोय. मग परत सिएनाकडे आलो की ती आधीपेक्षा जास्त समजलेली असते. दूर नेऊन पुन्हा जवळच आणून सोडतात. आणि लारा-वॉकरचे प्रसंग इतके शांत आहेत, उशिरापर्यंत काम करणाऱ्या बाईला कोणीतरी जेवायला बसवणं वगैरे, की हॉक-सिएनाच्या धुमश्चक्रीनंतर जरा श्वास घेता येतो.

आणि हॉक-सिएना स्वतः तर भरपूर मिळतात. सुरुवातच बघा ना, सिएनाने ड्युटीवर असताना एका मुलीशी मारामारी केलेली, दोघी चिखलाने माखलेल्या, आणि हॉक समोर उभा राहून अल्फा म्हणून शिक्षा सुनावतोय. आत काय चाललंय ते दोघांनाही माहीत आहे आणि तरी त्याला त्या क्षणी फक्त अल्फाच राहायचंय. तीही मान ताठ ठेवून शिक्षा घेते. मला हा प्रसंग फार आवडतो कारण या दोघांमधला खरा तिढा पहिल्याच फटक्यात टेबलावर येतो. तो वरच्या जागेवर, ती ज्युनियर, तो तिशी ओलांडलेला, ती अजून पोरगेली वाटावी अशी, तर मग बरोबरीचं नातं होणार कसं? आणि पुस्तक या प्रश्नापासून पळत नाही. दोघं भांडतात, पण तोंडावर भांडतात. काय खुपतंय ते बोलून दाखवतात. क्विन-ब्लेकडे जे पाच मिनिटांच्या बोलण्याने सुटलं असतं ते शेवटपर्यंत ताणलंय, इथे बोलूनही सुटत नाही कारण अडचण खरोखरची आहे. तिची आग आणि त्याची मेलेली जोडीदार या दोन गोष्टी कितीही गप्पा मारल्या तरी तिथेच राहतात.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. वयातलं अंतर आणि हॉकचा हुकूमशाही स्वभाव काहींना पचणार नाही, आणि त्यांचं चूक आहे असं मी म्हणणार नाही. पहिल्या भागात त्याचं जवळ येणं आणि मागे फिरणं एकदोन वेळा जास्तच झालंय. शेवटाकडे लढाई आणि साय लोकांचं राजकारण बरीच जागा खातं, आणि मागची पुस्तकं न वाचता आलात तर कौन्सिलमधला, म्हणजे साय लोकांवर राज्य करणाऱ्या मंडळातला, कोण कोणाच्या बाजूने हे पटकन लागणार नाही. वॉर्डकडे निदान प्रत्येक पुस्तकाच्या सुरुवातीला शब्दांची यादी दिलेली असते, तिचा फार उपयोग होतो.

लिहिण्याच्या धाटणीचं म्हणाल तर वॉर्डचं इंग्लिश रस्त्यावरचं, शिव्या, ब्रँडची नावं, स्लँग, वेगात पळणारं. जमलं तर व्यसन लागतं. सिंगचं जास्त सरळ आणि ऊबदार आहे, कळपातली पोरं, जेवणं, चिडवाचिडवी यांना भरपूर जागा. मला दुसरं जवळचं वाटतं, पण हा ज्याच्या त्याच्या आवडीचा भाग झाला.

तर मग कोणी काय घ्यावं? रडायचं असेल, एका माणसाने स्वतःला माफ करण्यापर्यंतचा प्रवास बघायचा असेल आणि दहा-बारा पात्रं एकदम डोक्यात ठेवायची सवय असेल तर क्विन-ब्ले. लेला क्विनच्या बाळाची आई होणार असते त्या धाग्यात तर असे प्रसंग आहेत की ॲसेलबिसेल सगळं माफ करावंसं वाटतं, निदान तेवढ्यापुरतं. पण इतकी वाट बघितल्यावर त्या दोघांसोबतच राहायला मिळावं अशी साधी अपेक्षा असेल, तर माझं मत हॉक-सिएनाच्या बाजूने झुकतं, आणि बरंच झुकतं.

थेट त्या पुस्तकावर उडी मात्र दोन्हीकडे मारू नका, अर्धी मजा आधीच्या पुस्तकांत आहे. सगळी नको असतील तर हॉक-सिएनासाठी पहिलं 'स्लेव्ह टू सेन्सेशन' जग कळायला, मग तिसरं 'कॅरेस्ड बाय आइस', ते सिएनाच्या दुसऱ्या मामाचं, जडचं आहे आणि लांडग्यांच्या घरात घेऊन जातं, मग नववं 'प्ले ऑफ पॅशन' आणि त्यानंतर 'किस ऑफ स्नो'. क्विन-ब्लेसाठी सहावं 'लव्हर एनश्राइन्ड' पासून सुरू केलं तरी चालेल, क्विनचं घर सुटतं ते तिथे, पुढे 'लव्हर अव्हेंज्ड', 'लव्हर माइन' आणि जमल्यास दहावं 'लव्हर रीबॉर्न', म्हणजे झेकॉरची टोळी अचानक टपकल्यासारखी वाटणार नाही. आणि 'लव्हर ॲट लास्ट' वाचताना सोलाचं नाव दिसलं की तो चॅप्टर बिनधास्त पुढे ढकला, क्विन-ब्लेचं सगळं वाचून झालं की मग परत येऊन वाचा, दोघांच्या गोष्टीत काहीही अडत नाही.