सिस्टम रिस्टोर: ऑफिसच्या कॉम्प्युटरवर काही महिने वापरल्यावर

मशीन बिघडलं तर विंडोजला आधीच्या स्थितीत परत नेणारं सिस्टम रिस्टोर २००० साली विंडोज एमईबरोबर आलं, पण अजूनही लोक त्याबद्दल दोन टोकांचं बोलतात. काहींच्या मते ते कधी चालतच नाही, तर काहींना वाटतं की ते आहे म्हणजे बॅकअपची गरज नाही. काही महिने ऑफिसच्या मशीनवर वापरून माझं मत असं झालंय की ते चालतं, आणि चांगलं चालतं. फक्त मशीन बिघडण्याआधी त्याची सोय लावून ठेवलेली हवी.

सोय लावायची, कारण विंडोज १० आणि ११ मध्ये सिस्टम प्रोटेक्शन (रिस्टोरची सोय चालू ठेवणारी सेटिंग) बऱ्याच मशीनवर मुळात बंदच असतं. गरज पडते तेव्हा खिडकी उघडावी, तर एकही रिस्टोर पॉइंट (परत जाता येईल अशी साठवलेली स्थिती) नाही! सिस्टम प्रॉपर्टीजमध्ये सी ड्राइव्हसमोर ‘ऑन’ लिहिलंय का, एवढं आजच बघून घ्या. बटण फिकट दिसत असेल आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटरने बंद केल्याचा मजकूर येत असेल, तर ते ग्रुप पॉलिसीने (ऑफिसने मशीनवर लावलेल्या नियमांनी) बंद केलेलं आहे. तिथे रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात) खटपट करू नका, आयटीवाल्यांना सांगा. पॉलिसी थोड्या वेळाने पुन्हा लागू होते आणि तुमची मेहनत वाया जाते.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो ड्रायव्हरच्या बाबतीत. प्रिंटरचा नवा ड्रायव्हर टाकल्यावर स्पूलर (प्रिंटची रांग सांभाळणारा प्रोग्रॅम) सारखा बंद पडायला लागला, तेव्हा आदल्या दिवशीच्या पॉइंटवर गेलो आणि काम सुरू. एक्सेल शीट, डॉक्युमेंट्स, सगळं जागच्या जागी. रिस्टोर सिस्टम फाइल्स, रजिस्ट्री, ड्रायव्हर आणि प्रोग्रॅम मागे नेतं, तुमच्या कागदपत्रांना हात लावत नाही. म्हणूनच चुकून डिलीट झालेली शीटही ते परत देत नाही. पॉइंट निवडल्यावर ‘स्कॅन फॉर अफेक्टेड प्रोग्रॅम्स’ दाबायला विसरू नका. कोणते प्रोग्रॅम उडणार आणि कोणते परत येणार, याची यादी तिथेच मिळते.

आता खरा त्रास. रिस्टोर शेवटपर्यंत जातं, मशीन रीस्टार्ट होतं आणि मेसेज येतो की काम पूर्ण झालं नाही, काहीही बदललेलं नाही. सोबत बहुतेक वेळा ८००७०००५ ने संपणारा कोड असतो. याचा अर्थ एखाद्या फाइलला हात लावायची परवानगी मिळाली नाही, आणि अडवणारा सहसा अँटीव्हायरस असतो. आमच्या ऑफिसातला अँटीव्हायरस आपल्याला बंद करता येत नाही, त्यामुळे ‘तो बंद करून बघा’ हा नेहमीचा सल्ला इथे निरुपयोगी. मला जमलेला मार्ग असा: शिफ्ट दाबून ठेवून रीस्टार्ट, मग ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स आणि तिथलं सिस्टम रिस्टोर. त्या वातावरणात अँटीव्हायरस चालूच नसतो, त्यामुळे आधी अडलेला पॉइंट निमूटपणे लागतो. दोन गोष्टी मात्र आधी बघा. डिस्कवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते, ती हाताशी ठेवा. आणि तिथून केलेलं रिस्टोर अनडू करता येत नाही.

तरीही अडलं, तर आधी डिस्मची रिस्टोरहेल्थ कमांड आणि नंतर एसएफसी स्कॅननाऊ, विंडोजच्या बिघडलेल्या फाइल्स दुरुस्त करणाऱ्या या दोन्ही कमांड अ‍ॅडमिन म्हणून चालवा.

डोमेनमधल्या, म्हणजे ऑफिसच्या मध्यवर्ती सर्व्हरला जोडलेल्या, मशीनची एक गंमत (तेव्हा ती गंमत वाटत नाही) फारसं कोणी सांगत नाही. मशीनचं स्वतःचं एक खातं सर्व्हरवर असतं आणि त्याचा पासवर्ड साधारण ३० दिवसांनी आपोआप बदलतो. त्यापेक्षा जुन्या पॉइंटवर गेलात, तर मशीनकडे जुना पासवर्ड आणि सर्व्हरकडे नवा, असा घोळ होऊ शकतो. मग लॉगिन करताना ‘ट्रस्ट रिलेशनशिप’ (मशीन आणि सर्व्हरमधला विश्वास) तुटल्याचा मेसेज येतो. नेटवर्कची केबल काढून, वायफाय बंद करून लॉगिन केलं तर पूर्वी साठवलेल्या माहितीवर सहसा आत जाता येतं. पुढची दुरुस्ती आयटीवाल्यांनी पॉवरशेलमधून करायची. म्हणून ऑफिसच्या मशीनवर मी शक्यतो अगदी अलीकडचाच पॉइंट निवडतो. तसंही विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत, जून २०२५ च्या अपडेटनंतर, पॉइंट जास्तीत जास्त ६० दिवसच ठेवले जातात.

पॉइंटसाठी राखायच्या जागेचा स्लायडर अगदी खाली ओढलेला असेल तर नवा पॉइंट तयार होताना जुने उडत जातात, आणि प्रोटेक्शन एकदा बंद करून परत चालू केलं तर सगळेच जातात. मोठं सॉफ्टवेअर किंवा ड्रायव्हर टाकण्याआधी ‘क्रिएट’ दाबून स्वतः पॉइंट करायचा आणि नावात कशासाठी केला ते लिहायचं, हे मी आता ठरवूनच टाकलंय. ‘ऑटोमॅटिक’ नावाच्या रांगेतून नेमका पॉइंट शोधणं कंटाळवाणं आहे. रॅन्समवेअरच्या (फाइल्स अडकवून खंडणी मागणाऱ्या व्हायरसच्या) भीतीने हे चालू करणार असाल तर मात्र राहू द्या. हल्ला करणारी मंडळी शॅडो कॉपीच, म्हणजे हे पॉइंट ज्यात साठवलेले असतात त्या प्रतीच, आधी पुसतात. त्यासाठी वेगळ्या डिस्कवरचा बॅकअपच हवा.