५० तास: डायटमध्ये की मोबाईलवर?

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं आलं, तेव्हापासून आमच्या केंद्रात (म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटात) चहाच्या वेळी हा विषय निघतोच. तास भरायचे कुठे? डायटच्या, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेच्या, प्रशिक्षणाला जाऊन, की घरी दीक्षा हे सरकारी ऑनलाइन शिक्षणाचं ॲप उघडून? मी दोन्ही करून पाहिलंय. शाळा द्विशिक्षकी, पहिली ते चौथी. मोठ्या शाळेतल्या कोणाचं मत वेगळं असू शकेल.

सोयीत मोबाईलला तोड नाही. निष्ठा हे केंद्र सरकारचं शिक्षक प्रशिक्षण २०१९ मध्ये प्रत्यक्ष सुरू झालं, कोविड आल्यावर २०२० मध्ये दीक्षावर आलं, प्राथमिकसाठी १८ कोर्स. घरबसल्या होतात, रजा नको, प्रवास नको. शिक्षण हक्क कायद्याच्या हिशेबाने ६० मुलांच्या पटापर्यंत शिक्षक दोनच. त्यातला एक तालुक्याला गेला की दुसऱ्याच्या गळ्यात चारही वर्ग, पोषण आहार आणि 'आजच भरा' म्हणून आलेली माहिती. मी पाच दिवसांचं प्रशिक्षण करून परत येतो तेव्हा आमच्या मॅडम माझ्याशी दोन दिवस जेवढ्यास तेवढंच बोलतात.

डायटच्या प्रशिक्षणातही खोट आहेच. राज्यावर सुलभक (प्रशिक्षण देणारे) तयार होतात, ते जिल्ह्याला शिकवतात, जिल्ह्याचे तालुक्याला. आमच्यापर्यंत पीपीटी पोचते, तिच्यामागचा विचार मधल्या एखाद्या थांब्यावर उतरलेला असतो. वेळही अजब. पहिलीच्या वाचनाचं एक प्रशिक्षण आम्हाला मार्चमध्ये मिळालं. तोवर ती पहिली दुसरीत निघाली होती.

एवढं असून मी कुठे झुकलो? खरं सांगायचं तर एका उत्तरसूचीमुळे.

ऑनलाइन कोर्स सुरू झाला की दुसऱ्या दिवशी कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर वहीच्या पानाचा फोटो येतो: १-क, २-अ, ३-ड. पहिले दोन कोर्स मी इमानदारीत केले. तिसऱ्याच्या वेळी रात्रीचे साडेअकरा झाले होते, व्हिडिओ आपला चालू आणि मी मेथी निवडत बसलो होतो. प्रश्नमंजुषा आली, मी फोटो उघडला. दहा मिनिटांत काम फत्ते. कोर्स होता वाचन कौशल्यावर, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात मी कालच्यासारखंच शिकवलं. यात कोर्सचा दोष नाही, तो चांगलाच असावा. पण समोर विचारणारं कोणी नसलं की मी असा वागतो, हे मला त्या रात्री कळलं. त्यानंतर ते प्रमाणपत्र फाईलला लावताना दर वेळी कसंसंच होतं.

उलट एकदा डायटचे अधिव्याख्याते शाळाभेटीला आले. खुर्ची दिली तर सतरंजीवर मुलांत बसले. दुसरीतल्या एका मुलीने धडा घडाघडा वाचून दाखवला. मी मनात खूश. सरांनी पानाच्या मध्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "बाळा, इथून वाच." मुलगी गप्प. मग तिने पहिल्या ओळीपासून पुटपुटत सुरुवात केली, बोटापाशी पोचली आणि तो शब्द बरोबर म्हणाली. धडा तिला पाठ होता. त्या दिवशी वर्गातल्या अकरापैकी पाच मुलांचं असंच निघालं. वर्षभर मी त्यांना 'वाचता येतं' म्हणून नोंदवत होतो.

सर मला काही बोलले नाहीत. जाताना एवढंच विचारलं, "मग उद्या या पाच जणांना काय देणार?" त्याचं उत्तर द्यायला मला आठवडा लागला, आणि त्या आठवड्यात वाचनाबद्दल जेवढं शिकलो तेवढं दोन वर्षांच्या कोर्समध्ये शिकलो नव्हतो. १९८६ च्या धोरणातून डायट उभ्या राहिल्या त्या याचसाठी असाव्यात, शाळेपासून हाकेच्या अंतरावर कोणीतरी जाणता माणूस असावा म्हणून. दुःख एवढंच, की पदं रिकामी असली की तो माणूस वर्षातून एकदाच दिसतो.

म्हणून माझी वाटणी अशी: माहितीचे विषय, म्हणजे पोक्सो, तंत्रज्ञान, मूल्यमापनाचे नवे तक्ते, मोबाईलवर खुशाल करा. पायाभूत वाचन आणि गणित मात्र, जमत असेल तर, माणसाकडून शिका. केंद्रातल्या शिक्षकांची महिन्याची बैठक, म्हणजे शिक्षण परिषद, यात मोजू नका. ती बरीचशी सूचना ऐकण्यात जाते.

शाळाभेट आपणहून येईल म्हणून थांबू नका, मुख्याध्यापकांच्या सहीने केंद्रप्रमुखांमार्फत पत्र द्या. आमचं पहिलं पत्र होतं 'मार्गदर्शन मिळावे ही विनंती'. त्याचं काहीच झालं नाही. दुसऱ्यात लिहिलं, 'तिसरीतली सात मुले हातच्याच्या वजाबाकीत अडकतात, वरच्या आकड्यातून खालचा वजा न करता मोठ्यातून लहान करतात. सोबत वह्यांची पाने जोडली आहेत.' नवव्या दिवशी फोन आला: "सर, बुधवारी येतो. मुलांना सांगू नका, आणि त्या वह्या तपासून ठेवू नका."