पाऊल नक्की कोण टाकतंय? पायांच्या रोबोटची निवड करण्याआधी

एक्सोस्केलेटन, म्हणजे पायांवर बाहेरून बांधायचा यांत्रिक सांगाडा, चढवून माणूस खुर्चीतून उठतो आणि चालू लागतो, हा व्हिडिओ पाहिला की घरच्यांचे डोळे भरून येतात. माझेही येतात. पण निवड करताना एकच प्रश्न आधी विचारा: पाऊल टाकण्याचं काम यंत्र करतंय की रुग्णाचा पाय?

लोकोमॅटसारख्या यंत्रात रुग्ण हार्नेसला टांगलेला असतो, खाली ट्रेडमिल फिरते आणि मोटारी खुबा व गुडघा हलवतात. हातांनी पाय उचलून देणारा थेरपिस्ट लवकर दमतो; यंत्र दमत नाही, त्यामुळे एका सत्रात कितीतरी जास्त पावलं होतात. पक्षाघातानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत, अजिबात चालता न येणाऱ्यांना फिजिओथेरपीच्या जोडीने याचा खरा उपयोग होतो. मात्र थोडंफार चालू शकणाऱ्या पक्षाघाताच्या रुग्णांवर 2009 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नेहमीच्या चालण्याच्या व्यायामानेच वेग आणि अंतर जास्त वाढलं. कारण उघड आहे. यंत्र सगळं करून देत असेल तर पाय आळसावतो.

जमिनीवर चालवणारे कडक सांगाडे वेगळे. त्यांतल्या रीवॉकला 2014 मध्ये एफडीए या अमेरिकेच्या औषध व उपकरण नियामक संस्थेने मज्जारज्जूच्या इजेसाठी घरगुती वापराची परवानगी दिली. पाय पूर्ण लुळे असले तरी चालतं, पण तोल कुबड्यांवर सांभाळावा लागतो, म्हणजे हात आणि खांदे दणकट हवेत. एक्सो नावाचा दुसरा सांगाडा मुख्यतः थेरपी केंद्रात वापरतात. त्यात प्रत्येक पायाला मिळणारी मदत वेगवेगळी कमी करता येते. एकाच बाजूला अशक्तपणा असेल तर मी याच सोयीला सर्वांत जास्त महत्त्व देईन. ‘हाल’ हा जपानी सांगाडा त्वचेवरच्या इलेक्ट्रोडमधून स्नायूंकडे आलेला क्षीण संकेत टिपतो आणि मग पाय हलवतो. अर्थात संकेत थोडा तरी उरलेला हवा.

पाय घासत चालणाऱ्या, पण उभं राहता येणाऱ्या माणसाला एवढा मोठा सांगाडा कशाला? 2019 मध्ये मान्यता मिळालेला रीस्टोर हा कापडी सूट केबलने घोटा ओढतो. तरी त्याआधी घोट्याचा साधा प्लास्टिकचा स्प्लिंट वापरून पाहाच. पुष्कळांचं तेवढ्यावर भागतं.

पार्किन्सन्समध्ये चालता चालता पाय जमिनीला खिळतात. खुब्याला हलका ओढा देणाऱ्या कापडी सूटने हे जवळजवळ थांबल्याचं 2024 मध्ये प्रसिद्ध झालं, पण तो प्रयोग एकाच रुग्णावर होता. आशा जरूर धरा, पैसे आत्ताच गुंतवू नका.

कोणतंही यंत्र ठरवण्याआधी डॉक्टरांकडून हाडांची मजबुती, आखडलेले सांधे, पायांचा ताठरपणा आणि उभं केल्यावर रक्तदाब पडतो का, हे तपासून घ्या. उंची-वजनाच्या मर्यादेतही अनेकजण अडकतात. पट्टे बांधून यंत्र चढवायला आणि उतरवायला किती वेळ लागतो, मदतीला कितीजण लागतात, हे चाचणीच्या वेळी स्वतः बघा. आणि यंत्र उतरवल्यावर नडगी, घोटा, कंबर नीट न्याहाळा. पायाला संवेदना नसेल तर पट्टा रुतलेला रुग्णाला कळणारच नाही. लाल वळ अर्ध्या तासात गेला नाही, तर पुढचं सत्र थांबवून पट्टे पुन्हा बसवून घ्या.