४८,५०० चं मशीन, आणि पेसमेकरचं कुणी विचारलंच नाही

इंदूरला रामबागेत आमच्या घरी करंटचं मशीन विकणारा तो माणूस आला तेव्हा बाबांना अर्धांगवायूचा झटका येऊन चार महिने झाले होते. डावी मूठ आवळलेली ती आवळलेलीच. "हॉस्पिटलमधून नंबर मिळाला," म्हणाला. कुणी दिला, हे आम्ही विचारलं नाही. तुम्ही विचारा! मी स्वतः बँकेत आहे; 'ओटीपी कुणाला सांगू नका' ही पाटी माझ्याच डोक्यावर टांगलेली असते. हसा खुशाल.

त्यानं मनगटाच्या वर दोन पॅड चिकटवले, बटण फिरवलं आणि बाबांची बोटं उघडली. आई देवघराकडे धावली. करंट बंद झाला की बोटं परत मिटत होती, दिसत होतं मला. "नस जागी होतेय," म्हणे. अहो, करंट दिल्यावर धडधाकट माणसाचीही बोटं हलतात! पेशंटनं स्वतः जोर लावायचा, वस्तू धरायची-सोडायची, त्याला करंटची जोड, असा हा उपचार. हे आत्ताच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी सांगितलं. "काका, तुम्ही प्रयत्न करा," असं त्यानं एकदाही म्हटलं नाही.

त्याहून जळजळ होते ती वेगळ्याच गोष्टीची. खांद्याला पॅड लावायला त्यानं बंडीची बटणं काढली. हाडाखाली पेसमेकरचा उंचवटा. त्याचं बोट त्याला लागलं, थांबलं, आणि त्यानं पॅड दोन बोटं बाजूला चिकटवला. मी समोर उभी होते. पेसमेकरवाल्याला हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय असला करंट लावायचा नसतो. मशीनची पुस्तिका मागाच. आम्हाला दिलीच नव्हती.

हिशेब: मशीन ४८,५०० (२०,००० यूपीआय, बाकी रोख), बारा सिटिंगचे ९०० प्रमाणे १०,८०० आगाऊ. एकूण ५९,३००. सातव्या सिटिंगनंतर फोन बंद. दवा बाजारात दाखवलं तर दुखण्यावरचं साधं टेन्स मशीन, २,२०० ला. भोळी म्हणा. चार महिने बापाची मूठ उघडायची वाट बघा, मग बोला.

ठाण्यात ऐकलं, "मैडम, सामान तो मिला ना? ये सिविल मामला है." सायबर हेल्पलाइनवर म्हणाले, पैसे तुम्हीच दिलेत, ही ऑनलाइन फसवणूक नाही. दुसरीकडे पक्कं बिल मागितलं. पक्कं बिल देणारा फसवेल कशाला? तिसऱ्या खेपेला हवालदारानं मलाच सुनावलं, "पढ़ी-लिखी होकर?" अर्ज मात्र घेतला नाही. कच्च्या पावतीवर दमडी देऊ नका. आता ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. पाच लाखांपर्यंत फी लागत नाही, हे तरी कुणी सांगावं!

बाबा सध्या जिरावणाच्या, म्हणजे पोह्यांवरच्या मसाल्याच्या, रिकाम्या डबीवर सराव करतात. धरता येते. सोडता येत नाही अजून.