महागाव रस्त्यावरची ऊस रोपवाटिका: बेण्याची वही दाखवणारे लोक

उमरखेडहून महागावकडे जाताना रस्त्याला लागूनच ही रोपवाटिका आहे. यंदाच्या सुरू (हिवाळ्याच्या अखेरीच्या) लागवडीसाठी को ८६०३२ या जातीची उसाची रोपं मी इथूनच घेतली, आणि खालच्या चोपण, म्हणजे खारवट तुकड्यासाठी थोडी फुले २६५ जातीची. रोप अडीच रुपयाला. पाच बाय दोन फुटांवर एकरी साडेचार हजाराच्या आत रोपं बसतात. याहून स्वस्त रोप जवळपास मिळतं, तरी मी ओळखीच्यांना इथंच पाठवते.

कारण जातींच्या सरमिसळीचा त्रास मी भोगला आहे. दुसरीकडून आणलेल्या रोपांत, पाचट काढेपर्यंत काही कळलं नाही. मग उन्हात उघडी पडलेली काही बेटं लालसर-जांभळी झाली आणि मधलीच काही हिरवट राहिली. एका फडात दोन जाती, म्हणजे पक्वताही दोन तऱ्हेची. एक तोडीला आली तरी दुसरीत साखर भरलेली नसते. शिवाय ऊस कांडीवरच्या डोळ्यापासून, म्हणजे कोंबापासून वाढतो. बेण्यात, म्हणजे लागवडीसाठी तोडलेल्या उसात, काणी किंवा गवताळ वाढ हे रोग असतील तर तेही रोपाबरोबर आपल्या वावरात येतात.

इथं विचारल्याबरोबर वही पुढं आली. "ताई, बेणं कोण्या मळ्यातलं, कवा तोडलं, सारं लिवलं हाय." मूलभूत (पहिल्या पिढीचं) बेणं कुठून आणलं, त्यापासून पायाभूत (पुढच्या पिढीचं) कधी केलं, सगळं तारखेनिशी. मागच्या बेणेमळ्यातला दहा महिन्यांचा ऊसही पाहू दिला. टिपरी, म्हणजे उसाचे तुकडे कापणारी बाई प्रत्येक काप उजेडाकडं धरून बघत होती. आत तांबूस रेघ दिसली की ते कांडं सरळ बाजूला. डोळा टपोरा आणि काप पांढराशुभ्र असेल तरच तो कोकोपीटमध्ये (नारळाच्या भुशात) जातो.

मला सगळ्यात आवडली ती भिंतीवर रंगवलेली वंशावळ. को ८६०३२ ची आई को ६२१९८ आणि बाप कोसी ६७१. हा ६७१ तमिळनाडूतल्या कडलूरचा, लवकर पिकणारा आणि साखरेला भारी, पण लाल कूज रोगापुढं टिकला नाही. त्याची आई ऑस्ट्रेलियातली क्यू ६३, बाप को ७७५, आणि या ७७५ मध्ये जावा बेटावरच्या पीओजे २८७८ चं रक्त. फुले २६५ ही पाडेगावच्या संशोधन केंद्राची, २००७ साली प्रसारित झालेली. ती को ८७०४४ च्या मोकळ्या परागीभवनातून आली, म्हणजे बाप कोण ते माहीत नाही, म्हणून भिंतीवर त्याच्या जागी नुसती रेघ आहे. नाव रंगवून मोकळं होता आलं असतं, पण त्यांनी ती जागा प्रामाणिकपणे रिकामी ठेवली. २६५ खारवट जमिनीत तग धरते, उसाचं वजन भरपूर देते, पण पिकते उशिरा. सुरुवातीला काही कारखाने गाळपासाठी तिची नोंद घ्यायला कां-कू करायचे ते याच उशिरा भरणाऱ्या साखरेपायी. हेही त्यांनी रोपं विकण्याआधी सांगितलं.

भिंतीवर सगळ्यात वर को २०५ आहे, कोइमतूरच्या केंद्राची १९१८ ची जात. जाड गोड उसाचा रानटी कांसाशी संकर करून ती काढली. पैनगंगेच्या काठी माजतं तेच कांस. आजच्या जातींचा काटकपणा बराचसा त्या रानटी रक्तातून आला आहे, आणि हे शाळकरी पोरांनाही समजेल असं तिथं काढलंय.

आता उणं. गाडी भर दुपारी आली आणि वरच्या थरातली रोपं सुकली. पाणी मारून सावलीत ठेवल्यावर बरीच सावरली, मेलेल्यांच्या बदल्यात त्यांनी कुरकुर न करता दुसरी दिली. पण सकाळची गाडी आपणच ठरवून घ्यावी. दोन्ही जातींचे ट्रे एकाच गाडीत भरले होते आणि जातीची चिठ्ठी फक्त पहिल्या ट्रेला होती. वही इतकी चोख ठेवणाऱ्यांनी हे करायला नको. मी तिथल्या तिथं प्रत्येक ट्रेवर खडूनं आकडा टाकून घेतला, तुम्हीही घ्या.

ट्रेची अनामत वेगळी घेतात, ट्रे परत नेले की लगेच मिळते. सुरूसाठी रोपं हवी असतील तर दिवाळीच्या सुमारास नाव नोंदवा, नंतर ८६०३२ शिल्लक राहत नाही.