बीएलडीसी पंखा: मीटरवर वाचतो, कार्डावर फसतो

छताचा जुना साधा १२०० मिमी पंखा पूर्ण वेगात ७० ते ८० वॅट खातो. त्याच मापाचा बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेल्या डीसी मोटारीचा, पंखा २८ ते ३५ वॅटमध्ये जवळपास तेवढीच हवा देतो. दुकानदार सांगतो ते इथपर्यंत खरं आहे. पण तो पंखा कुठल्या खोलीत लावायचा, जुन्या बोर्डावरच्या रेग्युलेटरचं काय करायचं आणि तीन वर्षांनी आतलं इलेक्ट्रॉनिक कार्ड गेलं तर कोण बसवून देणार, हे तो सांगत नाही.

आधी फरक कशाने पडतो ते पाहू. साध्या पंख्याच्या मोटारीत फिरणाऱ्या भागात चुंबक नसतं, तिथे वीज प्रेरित करूनच तो फिरवावा लागतो. त्यात बरीच वीज उष्णता होऊन जाते. तासभर फुल चाललेला साधा पंखा बंद करून मधल्या गोल डब्याला हात लावा, चटका नाही पण चांगला गरम लागतो. बीएलडीसीचा डबा कोमट असतो. त्याच्या फिरत्या भागात कायमचं चुंबक असतं आणि एक इलेक्ट्रॉनिक कार्ड घरी येणाऱ्या एसी विजेची डीसी वीज करून मोटारीतल्या तारेच्या गुंडाळ्यांना पाळीपाळीने पुरवतं. बचत चुंबक आणि कार्ड दोघांमुळे, पण सगळी डोकेदुखी कार्डाचीच.

वॅटेज खरं आहे का, हे घरबसल्या तपासता येतं. घरातलं बाकी सगळं बंद करा, फ्रिज आणि राउटरसुद्धा, आणि एकच पंखा फुल वेगात ठेवून मीटरवरचा लाल दिवा पाहा. मीटरवर एका युनिटला किती वेळा दिवा लुकलुकतो तो आकडा छापलेला असतो, बऱ्याच मीटरवर ३२०० असतो. तेवढा असेल तर ७५ वॅटचा पंखा साधारण १५ सेकंदांत एकदा दिवा लुकलुकवतो, ३२ वॅटचा सुमारे ३५ सेकंदांनी. दहा लुकलुकींचा वेळ मोजा आणि दहाने भागा, म्हणजे चूक कमी होते.

आता हिशोब. पंखा दिवसाला १५ तास, वर्षातले ३०० दिवस चालला तर ४,५०० तास. ७५ आणि ३२ मधला फरक ४३ वॅट, म्हणजे वर्षाला १९३ युनिट वाचतात. महावितरणच्या घरगुती बिलात १००, ३०० आणि ५०० युनिटांवर दर बदलतात, आणि वाचलेलं युनिट नेहमी तुमच्या वरच्या टप्प्यातून कमी होतं. त्यामुळे सरासरी दर धरू नका. वरच्या टप्प्याच्या दरात बिलातला वहन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क मिळवा, तो तुमचा खरा दर. स्थिर आकार मात्र एक रुपयाही कमी होत नाही. हिशोबाला १० रुपये धरले तर वर्षाला १,९०० रुपयांच्या आसपास. बीएलडीसी २,६०० ते ३,५०० ला मिळतो असं धरलं, तर चालू जुना पंखा काढून लावला तरी दीड-दोन वर्षांत पैसे निघतात.

पाहुण्यांच्या खोलीत दिवसाला दोन तास चालणारा पंखा बदलू नका. ६०० तासांना २६ युनिट वाचतात, तिथे पैसे सुटायला दहा वर्षंही लागतील. हॉल, रोज झोपायची खोली, शिकवणीचे वर्ग, खानावळ, दवाखान्याचा वेटिंग हॉल, ही याची जागा. व्यापारी दर घरगुतीपेक्षा चढे असतात, त्यामुळे तिथे तर आठ-दहा पंखे एकदम बदललेले परवडतात.

खोक्यावर वॅटच्या बरोबरीने हवेचा आकडाही पाहा. २०२३ पासून छताच्या पंख्यांना स्टार लेबल सक्तीचं आहे, त्यावर दर मिनिटाला किती घनमीटर हवा हे छापतात. १२०० मिमीला २१० पेक्षा कमी असेल तर उचलू नका. हवा भागिले वॅट केलं की पंखा किती कसदार हे कळतं: २२० हवा आणि ३२ वॅट म्हणजे ६.९, तर जुन्या साध्या पंख्याचं २२० ला ७५ म्हणजे २.९. काही स्वस्त पंखे कमी वॅट दाखवतात, पण हवाच कमी देतात, आणि मग उन्हाळ्यात बूस्टवर चालवावे लागतात.

बसवताना सर्वांत मोठी चूक होते रेग्युलेटरची. मेन बंद करून बोर्ड उघडा, रेग्युलेटरच्या दोन तारा सोडवून एकमेकींना जोडा आणि त्यावर टेप गुंडाळा. बटनाने पंखा थेट चालू-बंद झाला पाहिजे. रेग्युलेटर तसाच ठेवून 'फुलवरच ठेवतो' असं बरेच जण म्हणतात. घरातलं कोणी एकदा दोनवर आणलं की कार्डाला तुटक वीज मिळते, पंखा घुरघुरतो, थांबतो, पुन्हा सुरू होतो आणि कार्डावरचा कपॅसिटर तापून जातो. वॉरंटीत हे बसत नाही.

बाकी जोडणी नेहमीचीच. दांडीचा बोल्ट घट्ट करून कॉटर पिन घाला आणि पिनेचे पाय फाकवा. पाती जमिनीपासून किमान सात-आठ फूट आणि छतापासून फूटभर खाली असू द्या. छत जवळ असेल तर हवा अडते आणि मग 'नवा पंखा हवाच देत नाही' ही तक्रार येते. वरची वाटी छताला चिकटवू नका, बोट-दोन बोटं अंतर ठेवा, नाहीतर थरथर तिथून घुमते. तिन्ही पाती एकाच खोक्यातली लावा. दुसऱ्या पंख्याचं एक पातं मिसळलं तर डोलणं जात नाही.

सुरू होताना पंखा क्षणभर उलटा फिरतो किंवा थरथरतो, तो बिघाड नाही. कार्ड चुंबक कुठे आहे ते चाचपत असतं. एकाच खोलीत दोन पंखे असले तर रिमोट दोघांनाही एकदम हलवतो. जोडी जुळवता येणारा रिमोट असलेलं मॉडेल घ्या. रिमोट चालेनासा झाला तर सेल बदलण्याआधी मोबाईलच्या कॅमेऱ्यातून त्याच्या टोकाचा दिवा पाहा. बटन दाबल्यावर तो कॅमेऱ्यात चमकला तर रिमोट ठीक आहे, दोष पंख्याच्या बाजूला. आणि रिमोट हरवला तर भिंतीच्या बटनाने वेग बदलतो का, हे दुकानातच विचारा. ज्यांत ही सोय नाही ते घेऊ नका.

इन्व्हर्टरवर याचा फायदा वेगळाच आहे. चार जुने साधे पंखे ३०० वॅट ओढतात, चार बीएलडीसी १३०. दोन-तीन दिवे धरले तरी बॅटरी जवळपास दुप्पट वेळ टिकते. स्वस्त इन्व्हर्टरवर साधा पंखा जो गुणगुणतो, तो आवाजही येत नाही.

उणी बाजू म्हणजे कार्डच. साध्या पंख्याचा कपॅसिटर ५०-६० रुपयांत कोपऱ्यावरचा वायरमन बदलतो आणि पंखा पुन्हा वेगात येतो. बीएलडीसीचं कार्ड मॉडेलनुसार वेगळं असतं आणि वाइंडिंगवाला ते हातात घेत नाही. पावसाळ्यात न्यूट्रल तुटून व्होल्टेज चढण्याचे प्रकार जिथे घडतात, तिथे हे कार्ड सर्वांत आधी जातं. त्यामुळे मोठ्या व्होल्टेजला स्वतःहून बंद होणारं मॉडेल शोधा, वॉरंटी घरी येऊन दुरुस्तीची आहे का ते वाचा, आणि तुमच्या तालुक्यात सर्व्हिसचा माणूस येतो का याची कंपनीच्या नंबरवर खात्री करा. पाच वर्षांची वॉरंटी आणि जवळचं सर्व्हिस सेंटर असलेला ३५ वॅटचा पंखा, दोन वर्षांच्या वॉरंटीच्या २८ वॅटवाल्यापेक्षा चांगला. ७ वॅटच्या फरकाने वर्षाच्या ४,५०० तासांत ३१ युनिट, म्हणजे तीनेकशे रुपये वाचतात, कार्डाची किंमत त्यापेक्षा जास्तच असते.

काढलेला जुना पंखा माळ्यावर किंवा दुसऱ्या खोलीत चढवू नका, भंगारवाल्याला द्या. बहुतेक मोटारींत तांबं असतं, भाव वजनावर ठरवून घ्या.