फंडाचं ऑडिट: ॲडमिनिस्ट्रेटरच्या एसओसी 1 वर विसंबायचं की कंट्रोल्स स्वतः तपासायचे?

प्लॅनिंगच्या मीटिंगमध्ये हा प्रश्न दरवर्षी निघतो आणि बहुतेक वेळा बजेटकडे बघूनच निकालात निघतो. एनएव्ही, म्हणजे फंडाच्या एका युनिटची किंमत, ॲडमिनिस्ट्रेटर (फंडाचे हिशेब ठेवणारी बाहेरची कंपनी) काढतो, सिक्युरिटीज सांभाळायला कस्टोडियनकडे, युनिटधारकांची नोंदवही ट्रान्सफर एजंटकडे. फंडाच्या स्वतःच्या ऑफिसात माणसं मोजकीच. मग ॲडमिनिस्ट्रेटरचा एसओसी 1 रिपोर्ट, म्हणजे त्याचे कंट्रोल्स (चुका रोखणाऱ्या अंतर्गत तपासण्या) सर्व्हिस ऑडिटर या स्वतंत्र ऑडिटरने तपासल्याचा अहवाल, तोही टाइप 2, म्हणजे कंट्रोल्स ठरावीक काळभर चालले का हे पाहणारा, मागवायचा, वाचायचा, फाइलला लावायचा. मी दोन्ही पद्धतींनी कामं केली आहेत, म्हणून थोडं लिहितो. टाइप 1 चा विचार इथे करत नाही. कंट्रोल वर्षभर चालला का, हे त्यात तपासलेलंच नसतं.

रिपोर्टची बाजू लंगडी नाही, हे आधी मान्य करायला हवं. सिस्टीमचा ॲक्सेस कोणाला, प्रोग्रॅममधले बदल कोण मंजूर करतं, रोजचे व्यवहार बँक आणि कस्टोडियनशी कसे जुळवले जातात, हे तपासायला आपण गेलो तर ॲडमिनिस्ट्रेटर आत घेईलच असं नाही. प्रत्येक ग्राहकाचा ऑडिटर येऊन बसला तर त्यांनी काम कधी करायचं? याच अडचणीवर अमेरिकेत 1992 मध्ये एसएएस 70 हे ऑडिटचं मानक आलं. 2011 मध्ये त्याची जागा एसएसएई 16 ने घेतली आणि त्याच सुमारास आयएसएई 3402 हे आंतरराष्ट्रीय मानकही लागू झालं. व्यवस्था जुनी आहे, रुळलेली आहे, आणि आयटी कंट्रोल्सच्या बाबतीत तिच्यापेक्षा बरं काही आपल्या हातून होईल असं मला वाटत नाही.

माझं घोडं अडलं ते रिपोर्टच्या शेवटच्या पानांवर. ग्राहकाने, म्हणजे फंडाने, स्वतः ठेवायच्या पूरक कंट्रोल्सची यादी तिथे असते. वरचं सगळं बरोबर चालेल, पण ग्राहकाने अमुक-अमुक केलं तर, असा तिचा मथितार्थ. आयएसए 402 हे ऑडिट मानक सांगतं की यातले आपल्या कामाशी संबंधित कंट्रोल्स ग्राहकाकडे खरोखर आहेत का आणि चालतात का, हे ऑडिटरने पाहावं. फायलींमध्ये मात्र या यादीपुढे बहुधा 'मॅनेजमेंटशी चर्चा केली' एवढंच सापडतं.

एक उदाहरण देतो. बरेच दिवस न हललेल्या किमतींचा एक्सेप्शन रिपोर्ट ॲडमिनिस्ट्रेटर रोज काढतो आणि फंडाकडे पाठवतो. सर्व्हिस ऑडिटरने काय तपासलं? रिपोर्ट निघाला का, वेळेत गेला का. निकाल: कंट्रोल चुकल्याची एकही नोंद नाही. शब्दन् शब्द खरा. पण एका फंडात तो रिपोर्ट एका सामायिक मेलबॉक्सवर जाऊन पडायचा. उत्तरादाखल रोज 'ओके' जायचं, बऱ्याचदा मेल आल्याच्या मिनिटाभरात. एवढ्या वेळात अटॅचमेंट उघडूनही होत नाही. कंट्रोलचा अर्धा भाग ॲडमिनिस्ट्रेटरकडे उत्तम चालला होता, आणि ज्या अर्ध्या भागात कोणीतरी डोकं लावायचं होतं तो कुठेच नव्हता. एसओसी 1 कितीही बारकाईने वाचला तरी हे कळलं नसतं.

यावर नेहमीचा युक्तिवाद असा: वर्षअखेरीला सगळ्या होल्डिंग्ज कस्टोडियनकडून कन्फर्म करू, सगळ्या किमती स्वतंत्र स्रोताशी ताडून बघू, मग कंट्रोल्सचं काय अडलंय? बॅलन्सशीटपुरतं ते बऱ्याच अंशी पटतं. पण ओपन-एंडेड फंडात लोक वर्षभर आत-बाहेर करत असतात. जूनमध्ये चुकीच्या एनएव्हीने कोणी पैसे काढून नेले तर डिसेंबरच्या कन्फर्मेशनमध्ये त्याचा मागमूसही राहत नाही. तिथे कंट्रोलच बघावा लागतो.

स्वतः तपासणं सुखाचं नाही, हेही सांगतो. सॅम्पल मागितलं की फंडाकडचे लोक वैतागतात, 'हे सगळं ॲडमिनिस्ट्रेटरच बघतो' हे वाक्य वारंवार ऐकावं लागतं, आणि ज्युनिअर मंडळींना वॉकथ्रू (एक व्यवहार सुरुवातीपासून शेवटपर्यंत तपासत जाणं) म्हणजे काय हे शिकवण्यातच वेळ जातो. मात्र त्या वेळातून जे हाती लागतं ते निराळं असतं. किंमत हाताने बदलल्याचा फॉर्म घ्या. त्यावर सही असते, कारण असतं, सगळं नीटनेटकं. मग मंजुरीचा मेल शोधायचा आणि एनएव्ही जाहीर झाल्याच्या वेळेशेजारी त्याची वेळ मांडायची. एनएव्ही संध्याकाळी गेली आणि मंजुरी दुसऱ्या दिवशी सकाळी आली, तर तो कंट्रोल नव्हे, मागाहून लावलेली सही. व्हॅल्युएशन कमिटीच्या इतिवृत्तांतही असंच काहीबाही सापडतं.

बाकीचे मुद्दे किरकोळ नाहीत, पण माझा निर्णय त्यांनी झाला नाही. रिपोर्टचा काळ 30 सप्टेंबरला संपतो आणि फंडाचं वर्ष 31 डिसेंबरला. मधल्या तीन महिन्यांसाठी ब्रिज लेटर येतं, ज्यात ॲडमिनिस्ट्रेटर स्वतःच सांगतो की काही विशेष बदललेलं नाही. पुरावा म्हणून ते फारच हलकं. किमती पुरवणारी कंपनी कित्येकदा रिपोर्टच्या कक्षेबाहेर ठेवलेली असते, म्हणून व्याप्तीचा परिच्छेद आधी वाचावा. आणि आपलं ऑडिट ओपिनियन बिनशर्त असेल तर, कायद्याने सांगितल्याशिवाय, त्यात सर्व्हिस ऑडिटरचा उल्लेखही करता येत नाही. जबाबदारी शेवटी आपल्या सहीचीच.

सगळ्यांना एकच सल्ला देता येणार नाही. फंडात फक्त सूचिबद्ध शेअर्स, किमती बाजारातून थेट, फंडाकडून हाताने काहीच होत नाही, अशी स्थिती असेल तर रिपोर्टवर भर देणारं मी चूक म्हणणार नाही. मीही कदाचित तेच करेन. अनलिस्टेड गुंतवणूक, परफॉर्मन्स फी किंवा किमतींमध्ये मॅनेजरचा हात आला, की मात्र मी स्वतः तपासण्याकडेच झुकतो आणि रिपोर्ट आयटी व रिकन्सिलिएशनपुरता (व्यवहार जुळवण्यापुरता) ठेवतो. वेळ अगदीच कमी असेल तर निदान त्या शेवटच्या पानांची प्रिंट घेऊन फंडाच्या ऑफिसात जा आणि प्रत्येक ओळीपुढे हे काम करणाऱ्या माणसाचं नाव लिहून मागा. ज्या ओळींपुढे नाव लिहिताना दोघं एकमेकांकडे बघतील, तिथून सॅम्पल काढायला लागा.